साचा आणि कानस

जुना मोटारीचा पाना हातात आला की बहुतेक लोक आधी त्यावरचं नाव वाचतात. मी आधी कड बघतो. नावाचा ठसा मागाहून कुणीही मारू शकतो. पण वरचा आणि खालचा साचा जिथे एकमेकांना भिडले होते, तिथली कडेवरून गेलेली बारीक सलग रेघ मागाहून उमटवता येत नाही. माझी सगळी नोकरी फोर्जिंगचे साचे कोरण्यात गेली, त्यामुळे ही रेघ मला नावाआधी दिसते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी गोणपाटावर पसरलेल्या लोखंडात मी जे शोधतो, ते हेच. हा पाना कारखान्यातून असाच निघाला होता, की पुढे कुणी त्याला हात लावला? लावला असेल तर कशासाठी?

या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात शोधण्याआधी धातूत शोधावं, असं माझं ठाम मत आहे. कारखान्याने केलेला फरक साच्यातून येतो, म्हणून तो पान्याच्या अंगातच असतो. मालकाने केलेला फरक त्या अंगावर नंतर चढतो. एकावर एक चढलेल्या या खुणा कुठल्या क्रमाने चढल्या, ते लागलं की अर्धं काम झालं.

तापून लाल झालेली पोलादाची कांडी खालच्या साच्यावर ठेवतात आणि वरचा साचा घणासकट तिच्यावर आदळतो. दोन-चार ठोक्यांत धातू खोबणीत शिरतो आणि जो मावत नाही, तो पातळ पापुद्रा होऊन फटीतून बाहेर येतो. त्याला फ्लॅश म्हणतात. ट्रिमिंग प्रेसवर तो फ्लॅश कातरला जातो आणि पान्याच्या कडेभोवती एक खरबरीत पट्टा उरतो. चांगला कारखाना तो पट्टा घासून काढतो, स्वस्तातला माल तसाच बाहेर पडतो. मग जबड्याचं तोंड मिलिंगवर किंवा ब्रोचिंगवर मापाला आणतात, पोलादाला पाणी देतात, आणि शेवटी मुलामा किंवा काळा रंग. हा क्रम ठरलेला असतो. जबड्याच्या आत कारखान्याच्या कटरच्या रेघा सरळ, समांतर आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या असतात. मुलामा असेल तर तो त्या रेघांच्या वर बसलेला असतो. एवढं लक्षात ठेवलं तरी बाजारातले बरेच घोटाळे टळतात.

ही विद्या मोटारीच्या आधीची आहे. अमेरिकेत कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात बंदुकांचे कारखाने होते. बंदुकीचा प्रत्येक भाग दुसऱ्या बंदुकीला बसला पाहिजे, म्हणून तिथे साच्यात ठोकून एकसारखे भाग काढायची पद्धत पक्की झाली. हार्टफर्डच्या कोल्टच्या कारखान्यात काम केलेल्या चार्ल्स बिलिंग्सने क्रिस्टोफर स्पेन्सरबरोबर बिलिंग्स अँड स्पेन्सर ही कंपनी काढली. तिचे घडीव पाने पुढे अनेक वर्षं अमेरिकेत उत्तम कामाचा नमुना म्हणून ओळखले जात. त्याआधी मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टर गावात लोरिंग कोझने १८४१ साली स्क्रूने सरकणाऱ्या जबड्याच्या पान्याचं पेटंट घेतलं होतं. त्याच घराण्यातला पाना आपल्याकडे मंकी पाना म्हणून रुळला. बंदूक, शिवणयंत्र, सायकल आणि मग मोटार अशी ही साखळी आहे. मोटारीचा काळ आला तेव्हा पाने घडवणारे हात तयारच होते. क्लीव्हलंडचा फ्रँक व्हल्चेक हा बोहेमियातून आलेला लोहार. त्याने साध्या लोहारशाळेतून सुरुवात केली आणि पुढे मोटार कंपन्यांना गाडीबरोबर द्यायचे हत्यारांचे संच पुरवणारा मोठा कारखानदार झाला. लोहाराचा हात साच्यात उतरला तर काय होतं, याचं मला त्याच्याइतकं आवडणारं दुसरं उदाहरण नाही.

आणि मग फोर्ड. मॉडेल टी ऑक्टोबर १९०८ मध्ये आली. डेट्रॉइटच्या पिकेट अव्हेन्यूवरचा कारखाना पुरेना म्हणून १९१० मध्ये काम हायलंड पार्कला गेलं, १९१३ मध्ये तिथे सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू झाली आणि १९२७ च्या मे महिन्यात मॉडेल बंद झालं, तेव्हा दीड कोटीहून जास्त गाड्या रस्त्यावर गेल्या होत्या. सुरुवातीला ८५० डॉलरला मिळणारी गाडी १९२५ पर्यंत साध्या बांधणीत २६० डॉलरवर आली. ती घेणारा शेतकरी होता, खेड्यातला डॉक्टर होता, फिरता विक्रेता होता. गॅरेज वीस-वीस मैलांवर. म्हणून गाडीबरोबर हत्यारं मिळत: मंकी पाना, प्लगचा आणि सिलिंडर हेडच्या बोल्टचा पाना, हबच्या टोपीचा पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टायर काढायच्या पट्ट्या, जॅक, पंप. मालकाने स्वतःच गाडी दुरुस्त करायची, हे गृहीतच होतं. हेड उघडायचं तर पंधरा बोल्ट. गियरचे पट्टे सैल झाले की गियरपेटीचं झाकण उघडून आतले नट आवळायचे, आणि तो नट आत पडला तर सगळी पेटी उतरवायची वेळ. हे काम त्या काळी अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या पोरालाही येत असे.

आता साचे कोरणाऱ्याच्या बाजूने बघा. १९२३ च्या सुमाराला फोर्ड वर्षाला अठरा-वीस लाख गाड्या काढत होता. म्हणजे एका जातीचे पाने वर्षाला तितकेच. चांगल्या पोलादाचा फोर्जिंगचा साचा वीस-तीस हजार नगांत थकतो. कोपरे गोल होतात, अक्षरांच्या कडा बुजतात, खोबणीत बारीक भेगा पडतात. त्या भेगांचे उठाव मग प्रत्येक नगावर दिसू लागतात. साचा पुन्हा कोरावा लागतो, नाहीतर नवा करावा लागतो. पंचवीस हजारांचा हिशोब धरला तर एकाच पान्यासाठी वर्षाला सत्तर-ऐंशी साचे. त्यात फोर्डला हत्यारं पुरवणारा कारखाना एक नव्हता. प्रत्येकाकडे आपापला साचेवाला, आपापला हात. मग सगळे पाने एकसारखे कसे असतील? म्हणून कुणी दोन फोर्डच्या पान्यांच्या अक्षरांत फरक दाखवून ‘यातला एक खोटा’ म्हणाला, की मला गप्प बसवत नाही. फरक हाच तर कारखान्याचा पुरावा आहे.

फोर्डचं ते वळणदार नाव चाइल्ड हॅरल्ड विल्स याने आखलं असं मानतात. व्हॅनेडियम पोलाद मॉडेल टीमध्ये आणणाऱ्यांतही तो होता. हे नाव साच्यात कोरणं सोपं नाही. एफच्या डोक्यावरचा तो लांब झोका उलटा कोरायचा, आणि शिवाय धातू त्यातून अडकल्याशिवाय सुटला पाहिजे म्हणून खोबणीच्या भिंतींना बाहेरच्या बाजूला उतार ठेवायचा. माझ्याकडे उठावाच्या अक्षरांचे दोन फोर्डचे पाने आहेत, दोन्ही टीच्या काळातल्या घडणीचे. एकावर अक्षराच्या पायथ्याशी कड लख्ख आहे, ‘ओ’ची पोकळी मोकळी आहे. दुसऱ्यावर तीच पोकळी जवळजवळ भरून आली आहे आणि शेवटच्या ‘डी’च्या पाठीवर केसाएवढा उठाव तिरपा गेला आहे. हा ओरखडा नव्हे, कारण ओरखडा खोलगट असतो. हा धातू वर आलेला आहे, म्हणजे साच्यात भेग होती. हा पाना त्या साच्याच्या अखेरच्या दिवसांतला. असा दुसरा नग कुठे सापडला, त्याच जागी तोच तिरपा उठाव असलेला, तर ते दोघे एका साच्यातले सख्खे भाऊ म्हणता येतील. मी अजून शोधतो आहे.

काही फोर्डच्या पान्यांवर नावाखेरीज एखादंच सुटं अक्षर असतं, ते बहुधा पुरवठादाराची खूण. ते अक्षरही उठावाचं असेल तर साच्यातलं, खोलगट असेल तर नंतर पंचने मारलेलं. पण खोलगट आहे म्हणून मालकाचंच असं मात्र नाही, कारण कारखान्यातही तपासनीस पंच मारत असत. इथे मुलामा किंवा मूळचा काळा थर मदतीला येतो. पंचच्या खड्ड्याच्या तळाशी तोच थर असेल तर खूण कारखान्याची. तळाशी उघडं पोलाद असेल, वर नुसता गंज चढला असेल, तर ती नंतरची. आणखी एक गोंधळ फोर्डसन ट्रॅक्टरचा. हा ट्रॅक्टर १९१७ पासून डिअरबॉर्नला निघाला, पुढे आयर्लंडमध्ये कॉर्कला आणि १९३३ पासून इंग्लंडमध्ये डॅगनहॅमला. त्याच्याबरोबरही फोर्डच्या नावाचे पाने मिळत. मोठ्या तोंडाचा, जाड दांड्याचा फोर्डचा पाना दिसला की विक्रेते ‘मॉडेल टी’ म्हणून किंमत सांगतात. आधी तोंड मोजावं आणि मग बोलावं.

तोंड मोजायची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. छेडछाड झाल्याचा संशय सगळ्यात जास्त जिथे येतो, तिथे बहुतेक वेळा कानस फिरलेलीच नसते. पान्यावर ३/८ लिहिलेलं आणि व्हर्नियर लावला तर तोंड ११/१६ इंच. नवखा माणूस म्हणतो, कुणीतरी घासून मोठं केलं. खरं म्हणजे त्या काळी पान्यावर बोल्टचा व्यास लिहीत, नटाची रुंदी नव्हे. विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे अमेरिकन आट्यांचं माप मांडलं. त्यात नटाची रुंदी म्हणजे बोल्टच्या व्यासाची दीडपट अधिक एक अष्टमांश इंच. तीन अष्टमांशाच्या बोल्टला हा हिशोब बरोबर ११/१६ येतो. मोटारवाल्यांना एवढा जाड नट नको होता, वजन वाढतं आणि जागा खातो. मोटारीवरच हक्क सांगणाऱ्या सेल्डनच्या पेटंटखाली एकत्र आलेल्या परवानाधारक मोटार उत्पादकांच्या संघटनेने १९०६ मध्ये बारीक आट्यांचं आणि लहान नटाचं माप ठरवलं. हेन्री फोर्ड त्या संघटनेत गेला नाही, तो पेटंटविरुद्ध कोर्टात लढला आणि जानेवारी १९११ मध्ये अपिलात जिंकला. संघटना मोडली, पण तिचं माप एसएई या मोटार अभियंत्यांच्या संस्थेच्या हाती आलं आणि टिकलं. त्या मापात तीन अष्टमांशाच्या बोल्टला ९/१६ चं तोंड. म्हणजे एकाच आकड्याचे, एकाच गावात घडलेले दोन पाने, तोंडं वेगळी, आणि दोन्ही कोरे करकरीत अस्सल. दांड्यावर आकड्याशेजारी यूएसएस, म्हणजे सेलर्सचं माप, आहे की एसएई, ते भिंगाखाली वाचायचं.

इंग्लंडने यात आणखी भर घातली. व्हिटवर्थचं माप १८४१ चं, १९०८ मध्ये त्याच्याशेजारी बारीक आट्यांचं बीएसएफ आलं आणि त्याचे नट एक पायरी लहान झाले. म्हणून इंग्रजी पान्यावर एकाच तोंडाशेजारी १/४ डब्ल्यू आणि ५/१६ बीएस अशी दोन मापं कोरलेली असतात, आणि तोंड निघतं ०.५२५ इंच, जे दोन्हींपैकी एकाही आकड्याशी जुळत नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवायला व्हिटवर्थचे नटही एक पायरी खाली उतरवले गेले, त्यामुळे युद्धाआधीचा पाना युद्धानंतरच्या त्याच नावाच्या नटावर ढिला बसतो. यात कुणीही काही घासलेलं नाही. नुसतं माप बदललं आहे.

जबड्याचा कलही असाच बोलका. जबडा दांड्याशी पंधरा अंशांत कललेला असेल तर तो षट्कोनी नटासाठी, पाना उलटा करत करत अरुंद जागेत नट फिरवता येतो. साडेबावीस अंशांचा कल असेल तर तो चौकोनी नटासाठी, म्हणजे बहुधा घोडागाडीच्या आणि शेती अवजारांच्या काळाचा वारसा. कोनमापक लावून यातलं काहीच बसलं नाही, सतरा आला, एकोणीस आला, तर मग दांड्याला कुणीतरी वाकवलंय का ते बघायचं.

मुलाम्याबद्दल थोडक्यात सांगायचं तर निकेल जुनं, त्याला किंचित पिवळसर झाक असते. क्रोमचा मुलामा धंद्यात रुळला तो १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर. त्यामुळे टीच्या सुरुवातीच्या वर्षांतला म्हणून कुणी निळसर झगझगीत क्रोमचा पाना पुढे केला, तर तो मागाहून चढवलेला मुलामा आहे हे वेगळं सांगायला नको. पेटंटची तारीखही जपून वाचावी. ती पाना घडवल्याचं वर्ष सांगत नाही, त्याआधी तो घडला नाही एवढंच सांगते. १९२७ च्या कायद्यानंतर अमेरिकेत तारखेऐवजी पेटंटचा क्रमांक घालणं आलं, म्हणून नुसती तारीख असलेला माल साधारण त्याआधीचा धरतात.

हे सगळं आपल्याकडे कसं आलं, तेही पान्यांवरच दिसतं. इंग्लंड वगळता ब्रिटिश साम्राज्यात फोर्ड विकायचा हक्क कॅनडाच्या फोर्ड कंपनीकडे होता. त्यामुळे हिंदुस्थानात उतरलेल्या फोर्ड गाड्या मोठ्या प्रमाणावर कॅनडाच्या. १९२६ मध्ये फोर्डची हिंदुस्थानातली कंपनी स्थापन झाली आणि मुंबईत गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. दोघांनीही १९५०च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात गाशा गुंडाळला. दरम्यान ऑस्टिन, मॉरिस, हिलमन या इंग्रजी गाड्या होत्याच, युद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजलच्या जीप आणि ट्रक आले, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्याला आधी अमेरिकन घराण्याच्या गाड्या जोडल्या आणि १९५४ पासून फियाट ११००. ही फियाट मिलिमीटरवाली. एकाच मेकॅनिकच्या पेटीत सेलर्सचं माप, एसएई, व्हिटवर्थ आणि आता मेट्रिक. पगार मात्र एकच. नवे पाने घ्यायला पैसे कुठून येणार? कानस तर घरात होतीच.

आणि इथे गणित फार सुंदर जुळतं. तीन चतुर्थांश इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तो पाना १९ च्या नटाला जसाच्या तसा चालतो. ७/१६ म्हणजे ११.१, तोही ११ ला चालतो. ९/१६ हा १४ ला किंचित सैल, पण भागतं. अडतं ते अर्ध्या इंचावर, म्हणजे चार सुतावर. १२.७ मिलिमीटर, आणि नट १३ चा. तीन दशांश मिलिमीटर कमी. म्हणून आपल्या बाजारात अमेरिकन मापाचा जुना पाना मालकाने घासलेला सापडला तर तो बहुतेक वेळा अर्ध्या इंचाचा असतो. मी तर त्याच मापाकडे आधी वळतो.

कोल्हापूरला उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींच्या घरी असा एक पाना पाहिला. त्यांना सगळे तात्या म्हणत, वय नव्वदीकडे झुकलेलं. पाना अमेरिकन, कारखान्याचं नाव झिजून गेलेलं, ५/१६ एसएई एवढंच शिल्लक. तोंड असायला हवं अर्ध्या इंचाचं. व्हर्नियरवर आतल्या बाजूला १३.०, तर तोंडाच्या टोकाशी १३.२. जबड्याच्या आतल्या रेघा कारखान्याच्या कटरच्या नव्हत्या, तिरप्या होत्या, हाताने फिरवलेल्या कानशीच्या. तोंडाकडे धातू जास्त खाल्लेला, कारण हात पुढे जाताना कानस खाली झुकते. पण नजर अडकली मानेवर. जबड्याच्या मागे दांडा सपाटीतून वर उचललेला होता, वीसेक अंश. वाकणाच्या बाहेरच्या बाजूला धातू ताणून पातळ झालेला, आतल्या बाजूला बारीक सुरकुती. कारखान्यात वाकवला असता तर हे काम साच्यातच झालं असतं, सुरकुती पडली नसती आणि कडेची रेघही अशी पिरगळली नसती. तिथे लाल तापवल्याची जुनी पपडी होती, काळपट आणि घट्ट. ती पपडी जबड्याच्या गालापर्यंत आली होती आणि कानशीने तिला तिथे कापून टाकलं होतं. म्हणजे आधी वाकवला, नंतर घासला. आणि मधे बराच काळ गेला, कारण त्या पपडीच्या कडांवरही वापराची झीज होती.

मी विचारलं, “तात्या, वाकवला आणि घासला एकाच माणसानं नव्हे ना?”

तात्यांनी पाना हातात घेतला, अंगठा मानेवरून फिरवला. “वाकिवला माझ्या बानं,” ते म्हणाले. “घासला म्या.”

“कशाला?”

“फियाट आली नव्हं का. मालक म्हनला, पाना घे नवा. आनि पैसं दिलंच न्हाईत.”

त्यांचे वडील एसटी येण्याआधीच्या खासगी सर्व्हिस मोटारींवर काम करत. फोर्डच्या एका गाडीत इंजिनाच्या मागच्या बाजूचा एक नट सरळ पान्याला सापडत नसे, म्हणून त्यांनी भट्टीत घालून मान वर उचलली. दांड्यावर पंचने मारलेले दोन ठिपके होते. त्याबद्दल विचारलं तर तात्या म्हणाले, “दोन ठिपके आमचे, तीन शेजारच्या गॅरेजचे. पाने मागाय येत्यात, परत देताना भांडान नको.” हे कुठल्या कॅटलॉगात मिळेल? अक्षर न येणाऱ्या माणसाचीही सही होती ती, आणि आजवर मी बाजारात पाहिलेल्या कितीतरी ठिपक्यांचा अर्थ मला त्या एका वाक्यात लागला.

मालकांनी केलेल्या कामाच्या काही जाती पुन्हापुन्हा दिसतात. जबड्याचे गाल दोन्ही बाजूंनी घासून पातळ केलेले, लॉक नटाच्या फटीत शिरावा म्हणून. दांडा अर्धा कापलेला, अडचणीच्या जागी फिरावा म्हणून. त्याच्या कापाच्या टोकावर करवतीच्या रेघा दिसतात, तर कारखान्याचं टोक गोल आणि फ्लॅशच्या पट्ट्याने वेढलेलं असतं. दांड्याला पितळेने डाग देऊन जोडलेला गज. डागाची पितळी कड स्वच्छ असेल तर ते काम सराईताचं. पाईप चढवून जोर दिल्याने दांडा हळूहळू कमानीसारखा झालेला, हा बदल हेतूने केलेला नसतो आणि त्यात तापवल्याची पपडी नसते. प्लगच्या पान्याला आडवं पाडलेलं भोक. अमेरिकेतल्या टी मालकांचे भोक पाडून दोरी बांधलेले छोटे पानेही असतात. दोरी बहुधा गियरपेटीत पाना किंवा नट पडू नये म्हणून. भोक कुणाचं ते ओळखायला त्याचं तोंड बघा. कारखान्याच्या भोकाची कड दोन्ही बाजूंनी मोडलेली असते आणि ते अक्षरांना चुकवून जागेवर असतं. मालकाचं भोक एखाद्या अक्षराच्या पोटातूनही जातं, मागच्या बाजूला धातूची चुणी वर आलेली असते.

मात्र हाताने कापलेलं प्रत्येक तोंड मालकाचं समजू नये. बिलिंग्स अँड स्पेन्सर आणि ब्रुकलिनची जे. एच. विल्यम्स यांच्यासारखे कारखाने जबडा न कापलेले कच्चे नगही विकत, ज्याला हवं त्याने आपल्या मापाला तोंड काढून घ्यावं म्हणून. गिरण्या, रेल्वेचे वर्कशॉप, यंत्र कारखाने ते घेत. अशा पान्याचं तोंड कापलेलं दिसलं तर ते ‘बिघडवलेलं’ नाही, तो पाना मुळात तसाच पुरा व्हायचा होता. रेल्वेच्या किंवा लष्कराच्या ठशांचंही तसंच. दांड्यावर ब्रिटिश लष्कराचा रुंद बाण असेल तर तो पाना सरकारी खात्यातून गेला एवढं नक्की. तो ठसा मुलाम्यावर आहे की मुलाम्याखाली, यावर ठरतं की लष्करासाठी घडला की नंतर घेतला गेला.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. गेल्या काही वर्षांत जुन्या हत्यारांना किंमत येऊ लागली तशी त्यांना चमकवायची चढाओढ लागली. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावायचा आणि दोन मिनिटांत पाना चांदीसारखा करायचा. त्या दोन मिनिटांत कडेची रेघ जाते, पपडी जाते, ठिपक्यांच्या तळाशी राहिलेला मुलामा जातो, कानशीच्या रेघा आणि कटरच्या रेघा एकाच रंगाच्या होऊन जातात. राहतो तो लोखंडाचा एक चकचकीत तुकडा, ज्याला बाप नाही आणि मालकही नाही. एका विक्रेत्याने मला असा घासलेला, नावाचा नवा ठसा मारलेला पाना ‘फोर्डचा’ म्हणून विकला. ठशाभोवती धातू ताजा उसळलेला होता, एवढी एक खूण त्याला घासून घालवता आली नाही. पैशाचं दुःख नाही. त्या पान्याला कोणाच्या तरी हातचं वाकण होतं, आणि ते कशासाठी होतं हे आता कधीच कळणार नाही.

घरात जुन्या मेकॅनिकची पेटी असेल तर एवढं करा. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी जाड चिंधीने पुसा, गंज सुटेल तेवढाच सोडवा आणि वर मशीन ऑइलचा हात फिरवा. पॉलिश पेपर नको, ब्रश नको, रंग तर नकोच. आणि वजनावर भंगारात घालण्याआधी, ज्यांनी ती हत्यारं चालवली ते असतील तर त्यांच्यासमोर पेटी उघडी ठेवून बसा. एकेक पाना त्यांच्या हातात द्या. कुठली गाडी, कुठला नट, कुणी घासला, कुणाचे ठिपके, ते एका कार्डावर लिहा आणि दोऱ्याने पान्याला बांधा. त्यांना गाडीचा नंबर आठवणार नाही कदाचित, पण नट कुठे होता ते हात बरोबर दाखवतो.